उभ्या गाडीचं लाईट बिल

गेल्या महिन्यात मीटर वाचायला आलेल्या माणसानं मशीनमधनं बिलाची चिठ्ठी फाडली, एकदा चिठ्ठीकडं बघितलं एकदा माझ्याकडं, आणि म्हणाला, "एसी हाकसीरेनरी?" कानडीत विचारत होता, एसी बसवलाय काय म्हणून. एसी कुठला आलाय, बेळगावच्या अनगोळात पंखासुद्धा दोनवर फिरतोय आमचा. खरं चिठ्ठीवर 210 युनिट, आणि 200 युनिटपर्यंत लाईट फुकट देणारी कर्नाटकाची गृहज्योती योजना सुरू झाल्यापासनं कायम शून्य येणारं बिल एकदम सतराशेच्या घरात.

आईनं लगेच इंडक्शन शेगडीवर आळ घेतला. तिला ती शेगडी पहिल्यापासनंच आवडत नाही, दुसऱ्या दिवशी बघतोय तर शेगडी कपाटात वर जाऊन बसलेली. मला मात्र आतनं कळलं होतं चोर कुठं आहे ते, घराच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये.

तिथं आमचा टेम्पो ट्रॅव्हलर उभा असतो. जुना घेतला, उद्यमबागेत ओळखीच्याकडनं फॅब्रिकेशन करून घेतलं, बेड, सिंक, छोटा बारा व्होल्टचा फ्रीज, दोन दीडशे एएचच्या ट्यूब्युलर बॅटऱ्या, सगळं. चोर्ला घाटातनं गोव्याला जाऊन आलो आणि तशीच गाडी शेडमध्ये लावून वायर प्लगात घालून सोडली, बॅटरी डाऊन व्हायला नको म्हणून. दीड महिना झाला त्याला.

मग एक प्लगात लावायचा वॅटमीटर आणला आणि चोवीस तास तसाच ठेवला. आकडा आला दीड युनिट. दिवसाला दीड म्हणजे महिन्याला 45, आणि आमचं घर जळतंय 165 च्या आसपास, झाले की 210! आता बघा, 45 युनिटचे 5 रुपये 80 पैशानं 261 रुपये होतात, तेवढंच असतं तर मी गप्प बसलो असतो. खरं 200 ओलांडलं की पहिल्या युनिटपासनं सगळंच भरायचं, वर फिक्स्ड चार्ज, टॅक्स. म्हणजे शेवटच्या दहा युनिटांनी खड्ड्यात घातलं.

नंतर एकेक बंद करत बसलो. सोपा हिशोब आहे, महिन्याचे तास 720, म्हणून कायम चालू असलेला एक वॅट म्हणजे महिन्याला पाऊण युनिटाला जरा कमी. फ्रीज सरासरी 30 वॅट, 22 युनिट गेले. आतल्या प्लगसाठी इन्व्हर्टर बसवलाय तो काही न लावता नुसता चालू असला तरी 14 वॅट खातोय, हे मला माहीतच नव्हतं. आणि चार्जर! बॅटरी फुल्ल, फ्रीज बंद, इन्व्हर्टर बंद, तरी 18 वॅट. हात लावून बघितलं तर दुपारच्या चहाच्या कपासारखा कोमट आणि आत घुंऽऽ असा आवाज. ती जी ऊब आहे ना, तेच आपलं बिल.

बरं फ्रीजमध्ये काय होतं म्हणाल तर गोव्याहनं आणलेली कोकम आगळाची एक बाटली. मिठातलं आगळ, त्याला फ्रीज लागतच नाही!

पैशापेक्षा वाईट वाटलं ते बॅटऱ्यांचं. हा चार्जर जुन्या पद्धतीचा, घरातला पडून होता तो मीच काटकसर म्हणून लावला, बॅटरी भरल्यावर व्होल्टेज कमी करायचं त्याला येत नाही. नुसतं धरून ठेवायचं तर साडेतेरा-पावणेचौदा पुरतात, हा 14.4 वरच अडून बसलेला. टोपणं उघडली तर पाणी खाली गेलेलं, एका सेलमध्ये प्लेटांची टोकं उघडी. दोन लिटर डिस्टिल्ड वॉटर गेलं.

आणि वायरीचं तर सांगायला लाज वाटते. दोन कोरची साधी एक्स्टेंशन, अर्थिंगच नाही, वळवाचा पाऊस पडून गेल्यावर गाडीच्या दाराच्या हँडलला हात लावला तर झिणझिण्या आल्या. पहिली ती फेकून दिली, आता तीन कोरची आणि मध्ये ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लाईट तोडणारा स्विच.

भावाला सांगितलं तर तो म्हणतोय, शेतातल्या पंपाच्या लाईनवर लाव की, फुकट आहे. ती फुकट पाण्यासाठी हो, गाडीसाठी न्हवं, आणि उद्या कोण बघितलं तर? मित्र म्हणाला सोलर टाक. टाकलो असतो, खरं गाडी पत्र्याखाली, वर पॅनेल ठेवून काय उपयोग, आणि जून-जुलैत आमच्याकडं सूर्य कुठं दिसतोय!

शेवटी काय केलं, फ्रीज पुसून दार उघडं ठेवलं, फटीत कापड घातलं, इन्व्हर्टर बंद, बॅटरीच्या वायरीला कट-ऑफ स्विच बसवला. लेड ॲसिड बॅटरी नुसती ठेवली तर महिन्याला साधारण पाच टक्क्यापर्यंत आपोआप उतरते, म्हणजे दोन्ही मिळून पाव युनिटाच्या आतबाहेर, चार्जरचं नुकसान धरून अर्धा युनिट म्हणा. अर्ध्या युनिटाच्या कामाला मी 45 जाळत होतो! आता महिन्यातनं एका रविवारी नवा चार्जर लावतो, भरली की काढतो, काही तासांनी मल्टिमीटरवर 12.7 व्होल्ट दिसलं की झालं.

परवा चिठ्ठी आली, 166 युनिट, बिल शून्य. शेगडी अजून कपाटातच आहे.