भावे सांगलीचे, नाट्यगृह वाशीचं

रविवार, रात्री साडेदहा

दुपारी वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात नाटकाला गेले होते. नाटक ठीक. मालिकेतला चेहरा आला की टाळ्या, बाकी सगळं आपलं चालू. मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत पुढच्या बाई फोनवर सांगत होत्या, "अगं, सिरीयलमधले तेच ते! अगदी समोर!" वडा हातात पडेपर्यंत तिसरी घंटा झाली.

संध्याकाळी मिरजेहून आत्याचा फोन. "तुमच्याकडं काय बाई, रोज नाटक, रोज गाणं. इथं आहे काय?"

म्हटलं, आत्या, खाँसाहेब अब्दुल करीम खाँ ज्या गावात राहिले तिथं बसून तू हे म्हणतेस? उरुसात मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ गाण्याची सभा होते. तिकीट नाही, सीट नंबर नाही. लहानपणी बाबांच्या मांडीवर अर्धवट झोपेत काय ऐकलं ते काही आठवत नाही. आठवतो तो शेजारी बसलेला तंबोऱ्याचा कारागीर. तार जरा उतरली की गवयाच्या आधी याचं तोंड वाकडं. असा श्रोता वाशीत कुठून आणायचा?

तरी मोठं शहर विरुद्ध छोटं शहर हा हिशेब मला पटत नाही. खाडीपलीकडचं ठाणंच बघा. गडकरी रंगायतन झालं १९७८ मध्ये, पण मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे. गायक-नट पं. राम मराठे याच गावात राहिले. तिथला प्रेक्षक आजोबा-पणजोबांपासून मुरत आलाय. आमच्याकडे नवी मुंबई वसवणारी सिडको आली १९७० मध्ये. आधी नोड आखले, मग सेक्टर, मग त्यात भरायला माणसं, प्रत्येक जण आपापलं गाव मागे ठेवून आलेला. नाट्यगृहाला नावसुद्धा सांगलीकराचं द्यावं लागलं! (भाव्यांनी तिकडे 'सीता स्वयंवर' केलं ते १८४३ मध्ये. तेव्हा वाशी म्हणजे खाडीकाठचं एक गाव.)

बरं, ते गाव काही कुठे गेलेलं नाही. चैत्रात आगरी-कोळ्यांच्या गावदेवीच्या जत्रा भरतात, पालखी निघते. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्या दिवशी एकच चर्चा: ट्रॅफिक कुठून वळवलाय? आणि हेच लोक 'नवी मुंबईला कल्चर नाही हो' म्हणत दादरला नाटक बघायला जातात, मेगाब्लॉक नसेल तर.

आत्याला एवढं सगळं काही सांगितलं नाही. पण इथली एक गोष्ट मला मनापासून आवडते. नाटक रटाळ निघालं तर मध्यंतरात खुशाल उठून घरी जावं, कोणी विचारत नाही. मिरजेत दुसऱ्या दिवशी भाजी मंडईतच गाठतील, "काय हो, काल मधेच उठलात?"