उसवलेली विजार आणि मादाम सांद

विजारीला तळपायाखालून जाणारे पट्टे असायचे, ते उसवलेत. नवरा ती विजार बायकोपुढे नाचवतोय आणि बायको पुस्तक घेऊन बसलीय. त्याचं म्हणणं साधारण असं: तुमची ती मादाम सांद गेली उडत, तिच्यापायी बायका विजारी शिवेनाशा झाल्या, एक तर घटस्फोट परत आणा, नाही तर या लेखकालाच बंद करा!

ओनोरे दोमिए या फ्रेंच व्यंगचित्रकाराचं हे चित्र १८३९ सालचं. मादाम सांद म्हणजे जॉर्ज सांद या टोपणनावाने लिहिणारी कादंबरीकार. 'मर काँज्युगाल', म्हणजे नवराबायकोच्या संसाराची तऱ्हा, ही त्याची साठ चित्रांची मालिका. पॅरिसमध्ये सीन नदीच्या कठड्यावर जुन्या पुस्तकांच्या हिरव्या पेट्या असतात, तिथे अशी चित्रं चाळत बसणं हा माझा रविवारचा उद्योग. भारतातून कोणी पाहुणे आले की आयफेल टॉवरनंतर त्यांना तिथेच नेते. बिचारे कंटाळतात.

चित्रातल्या घटस्फोटाच्या गोष्टीत खरी मेख आहे. फ्रेंच क्रांतीने १७९२ मध्ये घटस्फोट दिला आणि राजेशाही परतल्यावर १८१६ मध्ये तो काढूनही घेतला. पुन्हा मिळायला १८८४ साल उजाडलं. मधल्या काळात वेगळं राहण्याची मुभा कोर्टाकडून मिळे, पण दुसरं लग्न करता येत नसे. शिवाय नेपोलियनच्या कायद्यात स्पष्ट लिहिलेलं: नवऱ्याने रक्षण करायचं, बायकोने आज्ञा पाळायची. स्वतः जॉर्ज सांद १८३६ मध्ये कोर्टातून नवऱ्यापासून वेगळी झाली होती, आणि पुरुषी विजार घालून पॅरिसमध्ये फिरल्याबद्दल प्रसिद्धही होती. त्यामुळे चित्रातली विजार वाचकांना लगेच कळली असणार.

दोमिए घरात शिरला तो सरकारमुळे. राजा लुई-फिलिपला अधाशी राक्षस दाखवल्याबद्दल तो १८३२ मध्ये तुरुंगात गेला होता. १८३५ मध्ये राजावर अनेक नळ्यांच्या बंदुकीने हल्ला झाला आणि सप्टेंबरपासून चित्रं छापण्याआधी सरकारची परवानगी लागू लागली. राजावर हसायची सोय राहिली नाही, मग दोमिएची चित्रं छापणारं 'ल शारिव्हारी' हे रोजचं पत्र नवऱ्यांवर हसू लागलं. लंडनचं 'पंच' हे विनोदी साप्ताहिक १८४१ मध्ये स्वतःला 'लंडन शारिव्हारी' म्हणवत निघालं आणि आपल्या मुंबईचं 'हिंदी पंच' त्याच कुळातलं.

मला ही मालिका आवडते, कारण चित्राखालच्या ओळी नवऱ्याची बाजू घेतात आणि रेषा त्याची फजिती करतात. ओळी बहुतेकदा संपादक फिलिपाँ किंवा दुसरं कोणी लिहायचं, चित्र दोमिएचं. त्याचे नवरे पाहा: पोट सुटलेलं, रात्रीची टोपी तिरकी, रुबाब शून्य.

लेखिकांवरच्या १८४४ च्या मालिकेत मात्र तो मला खुपतो. आई लिहिण्याच्या भरात आणि मागे मूल टबातल्या पाण्यात उलटं पडलेलं! रेखाटन अप्रतिम आहे, पण यात फजिती फक्त बाईची. १८४८ मध्ये घटस्फोटाचा कायदा पुन्हा मांडला गेला, तेव्हाही त्याने तो मागणाऱ्या बायकांचीच टर उडवली. कायदा बारगळला. इतका कट्टर प्रजासत्ताकवादी माणूस, पण समतेची गाडी उंबऱ्याशी अडली. त्याने स्वतः १८४६ मध्ये लग्न केलं ते शिवणकाम करणाऱ्या बाईशी, म्हणजे विजारीचा प्रश्न घरापुरता सुटला असावा.

कधी इकडे आलात आणि एखादं चित्र घ्यावंसं वाटलं, तर आधी ते उलटून बघा. मागे वर्तमानपत्राचा मजकूर असेल तर ते 'शारिव्हारी'च्या अंकातलं पान असण्याची शक्यता बरीच. कोऱ्या पाठीची प्रतही जुनी असू शकते, संग्राहकांसाठी चांगल्या कागदावर वेगळ्या छापत, आणि ती महाग पडते. मी मजकूरवालीच घेते. मागच्या जाहिराती वाचायला मिळतात.