ब्रेडेड ब्रेक लाइन नियमात बसवून घेताना : माझा अनुभव

मोटारसायकलच्या पुढच्या ब्रेकच्या रबरी पाइपवर, बँजोच्या (पाइपच्या टोकाची, बोल्टने बसणारी गोल फिटिंग) अगदी जवळ, बारीक भेगा दिसायला लागल्या होत्या. लिव्हरही स्पंजी झाला होता. पाइप बदलायचेच आहेत तर स्टीलच्या जाळीचे, म्हणजे ब्रेडेड टाकू, असा विचार केला आणि मेकॅनिकला विचारलं, "हे रस्त्यावर चालतात ना?" तो म्हणाला, "ताई, ब्रेकचा पाइप कोण बघतंय? टाका बिनधास्त."

रोजच्या वापरात कोणी बघणार नाही, हे मलाही मान्य होतं. पण अपघातानंतर गाडी तपासली जाते तेव्हा ब्रेक बघितले जातातच, आणि तिथे मूळ कंपनीचा नसलेला पाइप दिसला की खुलासा मालकालाच द्यावा लागतो. म्हणून ठरवलं, आधी कागद, मग पाइप.

वाचायला बसले तेव्हा एक गोष्ट लवकर स्पष्ट झाली. मी बघितलेल्या नियमांत स्टीलच्या जाळीवर म्हणून बंदी कुठेच नव्हती. प्रश्न असतो तो त्या विशिष्ट पाइपचा. दोन्ही टोकांच्या फिटिंगसकट तो कुठल्या मानकाला उतरलाय आणि तसा पुरावा त्याच्यावर किंवा त्याच्यासोबत आहे का, एवढंच बघतात.

सगळ्यात जास्त नाव येतं ते एफएमव्हीएसएस 106 या, ब्रेकच्या पाइपसाठीच्या अमेरिकन सुरक्षा मानकाचं. त्यात पाइपने 4,000 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब 2 मिनिटं धरून ठेवावा लागतो. फिटिंगमधून पाइप ओढून निघत नाही ना, हे 325 पौंडांच्या ओढीने तपासतात. पण ब्रेडेड पाइपच्या बाबतीत मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती तिसरी चाचणी. आत दाब ठेवून, एक टोक गरागरा फिरवत, पाइप सलग 35 तास वाकवत ठेवतात. ब्रेडेड पाइपची आतली नळी पीटीएफईची, म्हणजे टेफ्लॉनची असते. ती रबरासारखी फुगत नाही, म्हणून तर लिव्हर कडक लागतो. पण ती रबराइतकी सहज वाकतही नाही. वाकण्याचा सगळा ताण फिटिंगच्या तोंडाशी येतो. हँडल वळताना आणि सस्पेन्शन वरखाली होताना तीच जागा थकते. त्यामुळे नळी चांगली आहे एवढ्यावर भागत नाही, फिटिंग कसं दाबून बसवलंय त्यावर सगळं अवलंबून असतं. सुटी नळी आणि सुटी फिटिंग आणून घरी जोडण्याचा पर्याय मी याच कारणाने बाद केला.

या मानकाच्या पाइपवर डीओटी (अमेरिकेच्या परिवहन खात्याची आद्याक्षरं) ही अक्षरं, बनवणाऱ्याची खूण आणि तारीख असते. तयार जोडणीवर बहुतेक वेळा एक छोटी पट्टी असते, तिच्यावरही हे सापडतं. मात्र डीओटी म्हणजे सरकारने तपासून मारलेला शिक्का नाही. आपला माल मानकात बसतो असं उत्पादक स्वतः प्रमाणित करतो. ब्रेक ऑइलच्या बाटलीवरच्या डीओटी 4 शी याची गल्लत होते, पण तेलाचं मानक 116 क्रमांकाचं, वेगळं आहे. जर्मनीत पद्धत उलटी आहे. तिथे एबीई नावाची मंजुरी आधी घेतलेली असते आणि तिच्या कागदात कुठल्या मॉडेलला तो भाग चालतो ते लिहिलेलं असतं. नुसता टाइलेगुटआख्टन नावाचा अहवाल सोबत असेल, तर बसवल्यावर गाडी तपासून घ्यावी लागते.

हे समजल्यावर खरेदी सोपी झाली. एका पाकिटावर बारीक अक्षरात "फक्त शर्यतीसाठी" असं छापलेलं होतं. ते तिथेच ठेवलं. दुसऱ्यावर डीओटी ठळक होतं, पण बनवणाऱ्याचं नाव कुठेच नाही. प्रमाणपत्र देणाराच सापडत नसेल तर त्या तीन अक्षरांना काय अर्थ? शेवटी जे घेतले त्यांच्या उत्पादकाला ईमेल केला आणि माझं मॉडेल, वर्ष, पार्ट नंबर आणि मानक या चारही गोष्टी एकाच पत्रात लिहून मागितल्या. आधी नुसता कॅटलॉग आला. पुन्हा मागितल्यावर पत्र आलं.

विमा कंपनीने फोनवर "काही अडचण नाही" म्हणून विषय संपवला होता. मी तेच लेखी मागितलं. तिथे सगळ्यात जास्त वेळ गेला, पण पॉलिसीत नोंद झाल्यावरच पाइप बसवायला दिले.

बसवताना मी शेजारी उभी होते. बँजो बोल्ट 10 मिलिमीटरचाच, पण आट्यांचं अंतर 1.0 आणि 1.25 अशा दोन प्रकारांत येतं. चुकीचा बोल्ट एकदोन आटे आत जातो आणि मग कॅलिपरचे (चाकाजवळच्या, ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाचे) आटे खातो, म्हणून आधी हाताने फिरवून पाहिला. तांब्याचे वॉशर सगळे नवे, बँजोच्या दोन्ही बाजूंना. जाळीवर प्लास्टिकचं आवरण असलेलेच पाइप घेतले होते, कारण उघडी जाळी कानशीसारखी रंग आणि वायरिंग घासते. मूळच्या क्लिपांमधूनच पाइप नेला. हँडल दोन्ही टोकांना वळवून, पुढचं सस्पेन्शन पूर्ण लांबेल असं मोकळं सोडून, कुठे ताण किंवा पीळ येत नाही ना ते बघितलं. मग नवं तेल, हवा काढणं, लिव्हर जोरात दाबून धरणं आणि प्रत्येक सांध्याला कोरडा कागद लावून बघणं.

लिव्हर खूप सुधारला, पण त्यातलं किती श्रेय जाळीचं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. नवे रबरी पाइप आणि ताजं तेल टाकलं असतं तरी बराचसा फरक पडला असता. थांबण्याचं अंतर शेवटी टायरची पकड ठरवते. ज्यांना कागदपत्रांमागे धावायचं नाही, त्यांनी सरळ मूळ कंपनीचे रबरी पाइप टाकावेत; त्यात काही कमीपणा नाही.

तपासणीला गेले तेव्हा निरीक्षकाने हँडल दोन्हीकडे वळवलं, लिव्हर दाबून धरत पाइपवरून बोटं फिरवली आणि टॉर्च लावून पट्टीवरची अक्षरं वाचली. मग उत्पादकाचं पत्र मागितलं, पार्ट नंबर जुळवला आणि गाडी पास केली. त्या पत्राची एक प्रत आता सीटखाली गाडीच्या कागदांसोबत असते, आणि सर्व्हिसिंगला देताना पुढच्या पाइपची फिटिंगजवळची जागा बघायला मी आवर्जून सांगते.