टाईपरायटरच्या टाईपात फोंड्याची पटकथा

लघुपटाची पटकथा कुरियर टाईपात, 12 पॉइंटात मागितली होती. वर्णन इंग्रजीत, संवाद मराठीत, सगळं घडतं गोव्यातल्या फोंड्यात. (कुरियर म्हटलं की इथे पार्सलच आठवतं.)

हा टाईप हॉवर्ड केटलर यांनी 1950च्या दशकात आयबीएमच्या टाईपरायटरसाठी काढला. 12 पॉइंटाला इंचात 10 अक्षरं, जागा सगळ्यांना सारखी. म्हणून आयच्या तळाला रुंद पट्टी आणि एम बिचारा अंग चोरून. रोमन लिपीत फोंडा (Ponda) पाच अक्षरांचा, म्हणजे बरोबर अर्धा इंच. पटकथेच्या एका पानाला पडद्यावर साधारण एक मिनिट, हा हिशेब याच मापावर चालतो.

तो हिशेब अमेरिकेतल्या लेटर कागदाचा. डावीकडे दीड इंच, बाकी बाजूंना एकेक इंच सोडला की त्यावर ओळीत 60 अक्षरं, पानात 54 ओळी. ए-फोरवर 57 आणि 58. गुणाकारात फरक दोन टक्के, तेव्हा ए-फोरच ठेवला.

पहिली प्रत कुरियर न्यूमध्ये काढली, ती फिकी. त्याचे आकार टाईपरायटरच्या अक्षरं कोरलेल्या गोळ्यावरून घेतलेत. रिबनची शाई कागदावर पसरून रेघ जाड होते, ते त्यात नाही. झेरॉक्समध्ये तर रेघा तुटल्या. कुरियर प्राइम घेतला: फुकट, भरदार, रुंदी तीच.

खरा घोळ देवनागरीचा. वर्डमध्ये टाईप बदलला तरी मराठी मजकूर जिथल्या तिथे, कारण त्याचा टाईप आणि आकार फॉन्टच्या चौकटीत 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'खाली वेगळा असतो. ओळींचं अंतर 'एक्झॅक्टली 12' ठेवल्यावर 'मूर्ती'चा रफार वर छाटला, ऊकार खाली. संवादांच्या परिच्छेदांपुरतं ते 18 केलं, देवनागरी 11 पॉइंटात. एवढं केल्यावर पानाला मिनिट हे गणित संवादांना लागू पडत नाही. ते मोठ्याने वाचून घड्याळ लावलं.

पीडीएफ करताना फॉन्ट आत बसवले, नाहीतर दुकानातल्या संगणकावर भलताच टाईप येतो. तरी छापलेल्या पानावर 50 अक्षरांची ओळ पट्टीने मोजली तर 4.8 इंच. छपाईच्या चौकटीत 'फिट टू पेज' निवडलेलं होतं. 'ॲक्च्युअल साइज' केलं, पाच भरली.