ॲपमधला आकडा आणि सिग्नलवरची हवा

पुण्याच्या हवेचा ॲपमधला आकडा ९५ असतो, रंग हिरवा, खाली शब्द ‘समाधानकारक’. त्याच वेळी नळ स्टॉपच्या सिग्नलला थांबलेल्या स्कूटरवाल्याचा घसा खवखवत असतो. दोन्ही खरं आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, पीएम २.५ आणि पीएम १० (अडीच आणि दहा मायक्रॉनपर्यंतचे हवेतले कण) यांसाठी चोवीस तासांची सरासरी धरतो. त्यामुळे सकाळी साडेनऊच्या कोंडीतल्या आकड्यात काल दुपारची वाऱ्याने मोकळी झालेली हवाही मिसळलेली असते. शिवाय मोजणी केंद्राचं काम परिसराची हवा मोजणं, तुमच्या पुढच्या टेंपोचा धूर मोजणं नव्हे.

म्हणून एक्यूआयपेक्षा पीएम २.५ चा तासाचा आकडा बघा. मंडळाच्या संकेतस्थळावर तो केंद्रनिहाय मिळतो. पुढच्या दिवसांच्या अंदाजासाठी ‘सफर’ आहे, ती सेवा तर पाषाणच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेची, म्हणजे घरचीच. आणि ॲप कोणाची पट्टी वापरतं तेही तपासा. घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम पीएम २.५ म्हणजे भारतीय पट्टीवर एक्यूआय १००, अमेरिकन पट्टीवर दीडशेच्या वर. सोसायटीच्या ग्रुपवरची ‘कुठलं ॲप खरं’ ही भांडणं बहुतेक इथेच मिटावीत. ६० ही आपल्याकडची चोवीस तासांची मर्यादा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली १५ आहे.

पण वाहनांच्या धुरातला त्रासदायक भाग पीएम २.५ मध्येही नीट दिसत नाही. इंजिनातून निघणारे ०.१ मायक्रॉनहून बारीक कण संख्येने प्रचंड, वजनाने नगण्य. आणि पीएम २.५ मोजतात वजनात. सोबत नायट्रोजन डायऑक्साइड असतो, तो श्वासनलिकांचं अस्तर चुरचुरवतो आणि दम्याच्या माणसाला धूळ-परागकणांचा त्रास लवकर व्हायला लावतो. यात कामाची गोष्ट एकच: हे बारीक कण आणि हा वायू मोठ्या रस्त्यापासून साधारण दीडशे ते तीनशे मीटरवर आजूबाजूच्या पातळीला येतात. म्हणजे सिंहगड रस्त्याला समांतर आतली गल्ली धरली, तर पाच मिनिटं जास्त लागूनही फुप्फुसाला फायदा होतो. गल्ली अरुंद आणि दोन्ही बाजूंना सलग इमारती असतील तर मात्र नाही. लक्ष्मी रस्त्यासारख्या ठिकाणी वरून आडवा वारा वाहिला की खाली हवेचा भोवरा फिरतो आणि धूर एका फुटपाथकडे लोटला जातो. वारा ज्या बाजूच्या इमारतींवरून येतो, त्या इमारतींच्या पायथ्याची बाजू जास्त घाण.

सिग्नलला उभं राहताना पुढच्या ट्रकचा सायलेन्सर कुठल्या बाजूला आहे ते बघून दुसऱ्या बाजूला, आणि गाडीची लांबीभर मागे थांबा. हिरवा दिवा लागताना सगळे एकदम ॲक्सिलरेटर पिळतात, तो क्षण सगळ्यात वाईट.

हिवाळ्याचं गणित वेगळं आहे. रात्री जमीन गार होते, तिच्यालगतची हवाही गार होते आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. डिसेंबरात वेताळ टेकडीवरून सकाळी खाली बघितलं की इमारतींच्या वर सरळ रेषेत कापल्यासारखा करडा थर दिसतो, तो हाच. ऊन तापून हे झाकण उठायला दहा तरी वाजतात. त्यामुळे ‘पहाटेची शुद्ध हवा’ म्हणून हमरस्त्याच्या कडेने सहा-सात वाजता भरभर चालण्यात काही अर्थ नाही. श्वास दुपटी-तिपटीने वाढवून तोच थर आत घ्यायचा. चालायचंच असेल तर टेकडीवर जा. रस्त्याकडच्या खिडक्याही थंडीत सकाळी बंद ठेवून दुपारी एक ते चार उघडलेल्या बऱ्या.

पीयूसीवर फार भिस्त ठेवू नका. पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालून, इंजिन नुसतं चालू ठेवून, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघतात. डिझेलमध्ये ॲक्सिलरेटर दाबून धुराचा काळेपणा. नायट्रोजनची ऑक्साइडं आणि बारीक कण यांचा त्यात पत्ताच नाही. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ (धुराचा कडक निकष) डिझेल गाड्यांना धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो. पण शहरात दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारल्या की तो पुरेसा तापत नाही, काजळी जळत नाही आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. तो दिसला की माहितीपुस्तकात सांगितलेल्या वेगाने बायपासवर गाडी सलग चालवून आणा.

आता ओढणी. ती ऊन आणि जाड धूळ अडवते, धूर नाही. एन ९५ मास्क ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण अडवतो, पण कडा चेहऱ्याला चिकटल्या तरच. दाढी असेल तर त्या चिकटत नाहीत. कानात अडकवायच्या मास्कपेक्षा डोक्यामागे दोन पट्टे असलेला घ्या, कारण फुल फेस हेल्मेट घालताना कानाचा मास्क हमखास खाली सरकतो. आधी मास्क, मग हेल्मेट, मग नाकावरची पट्टी पुन्हा दाबायची. जोरात श्वास सोडल्यावर चष्मा धुरकटला तर वरून गळती आहे. वायू मात्र याने अडत नाहीत.

दमा असलेल्यांसाठी मास्कपेक्षा पंप महत्त्वाचा, आणि तो नेमका डिकीत असतो. उन्हात उभ्या स्कूटरची डिकी तापते. पंपावर ३० अंशांखाली ठेवा असं लिहिलेलं असतं, त्यामुळे तो पर्समध्ये किंवा शर्टाच्या खिशात हवा. रोटाकॅप (श्वासातून घ्यायच्या पुडीची कॅप्सूल) वापरत असाल तर पावसाळ्यात कॅप्सूल आधी काढून ठेवू नका, दमट हवेत पूड गुठळते. त्रास झाल्यावर घ्यायचा निळा पंप एकटा वापरू नये, उपचारात श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड हवंच, असं दम्याची जागतिक मार्गदर्शिका ‘जीना’ २०१९ पासून सांगते. तरीही बरं वाटलं की लोक आधी स्टेरॉइडचाच पंप बंद करतात. पंप हलवून, पूर्ण श्वास सोडून, दाबताच सावकाश आत ओढायचा, दहा सेकंद धरायचा. स्टेरॉइडनंतर चूळ भरायची. जमत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधली पोकळ नळी, लावा.

त्रास रस्त्यामुळेच होतो का, हे बघायला पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकीचा जोर मोजणारं छोटं साधन, पुरतं. उभं राहून, छाती भरून, एका झटक्यात फुंकायचं. तीनदा फुंकून सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. सकाळ-संध्याकाळ, पंप घेण्याआधी, दोन आठवडे, सुट्टीच्या दिवसांसकट. कामाच्या दिवशी संध्याकाळचा आकडा पडतो आणि रविवारी सावरतो, असं दिसलं तर ते पान डॉक्टरांना दाखवा. आपल्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांखाली गेलात तर त्यांनी लिहून दिल्याप्रमाणे औषध वाढवायचं. ५० टक्क्यांखाली आकडा, एका दमात वाक्य पूर्ण होईना, ओठ निळसर दिसायला लागले, यांतलं काहीही झालं तर निळा पंप घेत घेत १०८ ला फोन करा. स्वतः गाडी चालवत दवाखान्यात जाऊ नका.