चोर कोणत्या पानावर कळला?

आठवी-नववीतल्या मुलांनी वाचायचं काय, हा प्रश्न मराठीत अजून पुरता सुटलेला नाही. चिऊ-काऊ मागे पडलेले आणि मोठ्यांच्या कादंबरीला हात लावला तर कान पिळला जाणार, अशा अधल्यामधल्या वयासाठी आपल्याकडची फळी जवळजवळ रिकामीच. आमच्या वेळी तिच्यावर भा. रा. भागवत होते, म्हणून निभावलं. फास्टर फेणेसाठी ग्रंथालयात नंबर लागायचे. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, ‘ट्टॉक्’ करतो आणि नको तिथे नाक खुपसतो. आम्हा नायगाव-दादरच्या पोरांना सल एवढीच, की हेर पुण्याचा! अर्थात आमच्या चाळीत रहस्य टिकलंही नसतं. कुणाकडे कोणतं कालवण शिजतंय हे तिसऱ्या मजल्यापर्यंत कळायचं, तिथे खजिना काय लपणार?

रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर पेन्सिलीने ‘चोर = माळी’ असं लिहून ठेवणारा एक महात्मा आमच्याच तुकडीत होता. आज तो प्रतिष्ठित नागरिक आहे आणि ही स्मरणिका नक्की वाचणार, म्हणून नाव घेत नाही. त्या काळात पुस्तक खराब केलं की दंड ठरलेला. पण ग्रंथालयाच्या बाईंनी ती ओळ खोडली नाही. तिच्याखाली लाल शाईने लिहिलं, ‘कोणत्या पानावर कळले? पुराव्यासह लिहा.’

मग त्या पुस्तकाला जी मागणी आली! चोर माहीत असूनही सगळे वाचत होते, उलट जास्त बारकाईने. माळी म्हणतो, सकाळी झाडांना पाणी घालत होतो. दोन प्रकरणं मागे जा, रात्रभर पाऊस पडलाय. हे ज्या मुलीने शोधलं तिचा भाव आठवडाभर वधारलेला होता. लेखक आपल्याला काय सांगतोय यापेक्षा कशावरून पटकन पुढे जातोय तिकडे बघायचं, ही खोड तिथे लागली. पुढे बँकेच्या तपासणी विभागात नोकरी केली. तिथे चोरांपेक्षा चहाच जास्त मिळाला, ते सोडा.

आणखी एक ऑफ तास आठवतो. बाईंनी सिंड्रेला सांगायला घेतली आणि वर्ग हसला. आम्ही काय बालवाडीत आहोत? पण त्यांनी ग्रिम बंधूंची गोष्ट काढली, १८१२ सालच्या संग्रहातली. बुटात पाय मावावा म्हणून एक बहीण अंगठा कापते, दुसरी टाच. बुटात रक्त आहे हे राजपुत्राला कबुतरं सांगतात. वर्ग चिडीचूप. मग त्यांनी फ्रेंच लेखक पेरोची, १६९७ सालची सांगितली. तिथे बूट काचेचा, रक्ताचा थेंब नाही आणि शेवटी बहिणींना माफीसुद्धा. एकाच घटनेचे दोन पंचनामे! मागच्या बाकावरून प्रश्न आला, “बाई, तो तिच्याबरोबर एवढा नाचला, मग चेहरा ओळखायला बूट कशाला लागतो?” बाई म्हणाल्या, “अगदी बरोबर. आता याचं उत्तर तू लिही.”

त्याने लिहिलं नाही. पण जगभर लोकांनी ते लिहिलेलं आहे, हे मला फार उशिरा, भाचीमुळे कळलं. इंग्रजी शाळेतली मुलगी, किशोरवयीनांच्या कादंबऱ्या फडशा पाडल्यासारख्या वाचते. तिने मरिसा मायरची ‘सिंडर’ माझ्या हातात दिली, २०१२ सालची. यातली सिंड्रेला अर्धी यंत्र, अर्धी माणूस, भविष्यातल्या बीजिंगमध्ये यंत्रदुरुस्ती करणारी. राजवाड्याच्या पायऱ्यांवर तिचा बूट नाही, चक्क यांत्रिक पाय निखळतो. मालिकेत पुढे येणारी रॅपन्झेल मनोऱ्यात नसते, पृथ्वीभोवती फिरणाऱ्या उपग्रहात कोंडलेली असते. मला आधी हे थोडं चमकदार वाटलं, आणि काही पुनर्कथनं खरोखर तेवढीच असतात. जुन्या राजकन्येला जीन्स घालून दिली की झालं! पण चांगल्यांत तेच घडतं जे त्या लाल शाईने घडलं होतं. शेवट सगळ्यांना ठाऊक असतो, तरी आपण पुन्हा वाचतो. बंद झालेली केस कुणीतरी उघडलेली असते आणि आधीच्या तपासात कुणाचा जबाबच घेतला नव्हता ते दिसू लागतं.

किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर नॅन्सी ड्रू या अमेरिकन हेर मुलीची जुनी पुस्तकं मिळायची. इंग्रजीतले निम्मे शब्द अडायचे, तरी मी रेटून वाचायची. १९३०पासून निघणाऱ्या त्या पुस्तकांवर नाव असायचं कॅरोलिन कीनचं, आणि या नावाची बाईच नव्हती! प्रकाशनसंस्था आराखडा द्यायची, वेगवेगळे लेखक लिहायचे. हे कळलं तेव्हा चिडायच्या ऐवजी मला बाईंना सांगायला धावत जावंसं वाटलं.

भाचीला म्हटलं, परक्यांच्या केसेस पुष्कळ झाल्या, घरची बघ. काऊचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं. पाऊस आला, शेणाचं वाहून गेलं. काऊ दार ठोठावतोय आणि चिऊ म्हणते, थांब माझ्या बाळाला न्हाऊ घालते, थांब तीट लावते. भाची म्हणाली, “आत्या, रात्रीची वेळ, घरात ती एकटी, तान्हं बाळ. मीपण दार उघडलं नसतं.” मी काऊच्या बाजूने. मुंबईचा पाऊस पाहिलेल्या माणसाने चिऊची बाजू घेणं मला पटत नाही. तिने आता लिहायला घेतलंय. काऊ फिर्यादी, चिऊ आरोपी, बाळ एकमेव साक्षीदार. बाळ खरंच झोपलं होतं का, यावर आमचं अजून जमत नाही.

– एक माजी विद्यार्थिनी, दहावी, १९८६