पावसाची वही आरमध्ये, भाग ४: एका ओळीची किंमत

गेल्या वेळी २०१९ ते २०२४ या सहा पावसाळ्यांच्या नोंदी कागदी वहीतून आर (R) या आकडेमोडीच्या संगणकभाषेतल्या टेबलात उतरवून झाल्या होत्या. १ जून ते ३० सप्टेंबर, दर पावसाळ्याचे १२२ दिवस, म्हणजे ७३२ ओळी. यंदा फक्त रोज सकाळी साडेआठला अंगणातला मापक मोजायचा (हवामान खात्याची वेळ तीच, म्हणून आपलीही तीच) आणि त्या दिवसाची एक ओळ टेबलाच्या तळाला जोडायची. एवढंच काम. त्यात अख्खा जून गेला.

पहिली फजिती अगदी बाळबोध. आरबाइंड (rbind, ओळी जोडणारी आज्ञा) चालवलं, पडद्यावर टेबल आलं, शेवटी नवी ओळ दिसली, मी खूश. दुसऱ्या दिवशी कालची ओळ गायब! आरबाइंड जुन्या टेबलाला हात लावत नाही, नवं टेबल करून समोर ठेवतं. ते पुन्हा त्याच नावात साठवून घेणं आपलं काम.

दुसरी फजिती मात्र महिनाभर लपून राहिली. टायपिंग वाचावं म्हणून तारीख, मिलिमीटर आणि शेरा मी सी() या, अनेक गोष्टींची एकच यादी करणाऱ्या आज्ञेत एकत्र कोंबून ते आरबाइंडला देत होतो. ओळ जोडली जायची, कुठे लाल अक्षरात काही नाही. जुलैत सहज मॅक्स (सर्वात मोठी किंमत शोधणारी आज्ञा) लावून यंदाचा सर्वात मोठा पाऊस विचारला, तर उत्तर आलं ९.४. आणि मी तर एका दिवशी १८७.४ मिलिमीटर मोजले होते, मापक मध्येच ओतून रिकामा करावा लागला होता! एसटीआर (str, रकान्यात काय जातीचा माल आहे ते सांगणारी आज्ञा) चालवून पाहिलं तेव्हा मिलिमीटरच्या रकान्यासमोर ‘न्यूम’च्या, म्हणजे आकड्यांच्या, जागी ‘सीएचआर’, म्हणजे अक्षरं. सगळे आकडे अक्षरं झाले होते, आणि अक्षरांच्या क्रमात ९ हा १ च्या नंतर येतो, मग पुढे कितीही मोठा आकडा असो. बेरीज करायला गेलो असतो तर आरने लगेच एरर दिला असता. मॅक्सला मात्र अक्षरंही चालतात, म्हणून ते बिनबोभाट चुकीचं उत्तर देत राहिलं.

हे का होतं ते समजायला मला कासाराचं दुकान आठवावं लागलं. आपण वहीत ओळ आडवी लिहितो, पण आरचं डेटा फ्रेम, म्हणजे आपलं हे टेबल, म्हणजे ओळींची चळत नव्हे. ते रकान्यांचं बनलेलं असतं. एकेक रकाना म्हणजे बांगड्यांची एकेक दांडी, आणि एका दांडीवर एकाच जातीच्या बांगड्या. सी() मध्ये तारीख, आकडा, शेरा एकत्र गेले की तिघांचीही अक्षरंच होतात, आणि आकड्यांच्या दांडीवर असं एक अक्षर चढलं की सगळी दांडी अक्षरांची. उपाय साधा: नवी ओळ म्हणजे एका ओळीचं डेटा फ्रेमच करायचं, रकान्यांची नावं तीच ठेवून, आणि मग जोडायचं. तसं केलं की आरबाइंड नावं बघून जुळवतं, रकाने मागेपुढे असले तरी बिघडत नाही. (इंटरनेटवरच्या जुन्या उत्तरांत फॅक्टरची, म्हणजे अक्षरं ठराविक गटांत बांधून ठेवणाऱ्या रकान्याची, जी भीती घातलेली असते ती आरच्या २०२० च्या ४.०.० आवृत्तीपासून बरीच कमी झाली आहे. डेटा फ्रेम बनवताना अक्षरांचे आपोआप फॅक्टर होत नाहीत.)

आरबाइंडऐवजी बाइंड_रोज (bind_rows, डीप्लायर या जोड-संचातली ओळी जोडणारी आज्ञा) वापर, असा सल्ला इथल्या दोघा वाचकांनी दिला होता. वापरलं. २०२३ पासून मी ‘शेरा’ हा रकाना ठेवतो, त्याआधीच्या वर्षांत तो नाही. आरबाइंड अशा वेळी अडून बसतं. बाइंड_रोज मात्र जुन्या ओळींत मुकाट्याने एनए (‘नोंद नाही’ची खूण) भरून मोकळं होतं. वर्षं एकमेकांना जोडायला हे फारच सोयीचं. पण रोजच्या हाताने केलेल्या नोंदीला मी ते वापरत नाही. एकदा ‘मिमी’ऐवजी ‘मीमी’ लिहिलं गेलं आणि त्याने नवा रकानाच उघडून दिला! आरबाइंडचा हेकेखोरपणा इथे कामाला येतो.

एकेक ओळ जोडण्याची किंमत कळली ती शेजारच्या काकांमुळे. त्यांच्या गच्चीवर स्वयंचलित मापक आहे, दर १५ मिनिटांनी एक नोंद, रोजची एक फाइल. दिवसाला ९६, पावसाळ्याला ११,७१२ ओळी. मी उत्साहाने लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड) लिहिला आणि एकेक ओळ आरबाइंडने चिकटवत गेलो. लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला. पुन्हा दांडीकडे या: प्रत्येक दांडी नेमकी भरलेली असते, एक बांगडी वाढवायची तर एका बोटाने लांब नवी दांडी घ्या आणि जुन्या सगळ्या तिच्यावर चढवा. १ पासून ११,७१२ पर्यंत बेरीज केली तर ६ कोटी ८५ लाखांहून जास्त ओळी पुन्हा लिहिल्या जातात. आता १२२ फाइली एलॲप्लायने (lapply, यादीतल्या प्रत्येकावर तेच काम करणारी आज्ञा) वाचून एका लिस्टमध्ये ठेवतो आणि शेवटी डू.कॉलने (do.call, अख्खी लिस्ट एका आज्ञेला एकदम देणारी) एकदाच आरबाइंड. एंटरवरून बोट उचलेपर्यंत झालेलं असतं. डेटा.टेबल या जोड-संचाचं आरबाइंडलिस्ट याहून चपळ आहे, पण मला १२२ तुकड्यांसाठी त्याची गरज वाटली नाही.

मग लक्षात आलं, रोजच्या एका ओळीसाठी आख्खं टेबल उघडायचंच कशाला? सरळ सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या) फाइलच्या शेवटी ओळ लिहावी, हवं तेव्हा फाइल वाचावी. त्यासाठी राइट.सीएसव्ही या फाइल लिहिणाऱ्या आज्ञेला अपेंड ट्रू, म्हणजे ‘शेवटी जोड’, असं सांगितलं. त्याने एक वॉर्निंग दिली की अपेंडकडे दुर्लक्ष केलं आहे, आणि यंदाच्या सगळ्या नोंदींच्या जागी त्या दिवसाची एकच ओळ ठेवली. अपेंड करायचं तर राइट.टेबल लागतं, स्वल्पविराम स्वतः सांगून आणि रकान्यांची नावं बंद करून. खिडकीतली कागदी वही होती म्हणून वाचलो. १ जूनपासून पुन्हा टाइप करतोय, काल रात्री २३ जूनपर्यंत आलो.